निळी रेषा, लाल रेषा आणि जोत्याची पातळी: पूरक्षेत्रातल्या प्लॉटवर बांधताना

पाणपातळी

पावसाळा तोंडावर आला की एक प्रश्न हमखास येतो: नदीपासून किती फूट सोडले म्हणजे बांधता येते? पूरक्षेत्रात परवानगी प्रामुख्याने पातळीवर ठरते. नदीपासून पाचशे मीटर लांब असलेला खोलगट प्लॉट निषिद्ध क्षेत्रात असू शकतो आणि दीडशे मीटरवरचा उंचवटा दोन्ही रेषांच्या बाहेर असू शकतो. म्हणून मंचावरचा हा धागा पातळीपासूनच सुरू करतो.

जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. वर धरण असेल तर सांडव्यातून सुटणारा विसर्ग आणि धरणाखालच्या मुक्त पाणलोटाचे पाणी, दोन्ही हिशेबात येतात. नदीकाठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र.

"शंभर वर्षांतून एकदा" याचा अर्थ पुढची शंभर वर्षे निवांत, असा होत नाही. दर वर्षी १ टक्का शक्यता. तीस वर्षे राहायचे घर धरले तर त्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता साधारण २६ टक्के, निळ्या रेषेपर्यंत ७० टक्क्यांहून जास्त. घर घेणाऱ्याने हे दोन आकडे वहीत लिहून ठेवावेत.

नियम आहेत राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत (यूडीसीपीआर, डिसेंबर २०२०). मुंबई महापालिका आणि काही विशेष प्राधिकरणांचे क्षेत्र सोडून ती जवळपास सगळीकडे लागू आहे. पूररेषेसाठी ३.१.३ हा विनियम वाचा.

नकाशाघर

३.१.३ चा सारांश देतो, कारण तो अर्धवट सांगून प्लॉट विकले जातात.

निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम नाही. पार्किंग, ओट्यांचा उघडा भाजीबाजार, बाग, मोकळी जागा, स्मशानभूमी, मैलाशुद्धीकरण केंद्र, पाण्याच्या किंवा गॅसच्या वाहिन्या, सार्वजनिक स्वच्छतागृह असे वापर चालतात, तेही जागा त्यासाठी योग्य असेल तर. आधीपासून अधिकृत असलेल्या मिळकतीचा पुनर्विकास करता येतो. त्याला जलसंपदा विभागाचा ना-हरकत दाखला लागतो आणि बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर घ्यावे लागते. इथे "अधिकृत" हा शब्द कळीचा आहे. घरफाळा भरल्याची पावती म्हणजे बांधकाम परवाना नव्हे. मंजूर नकाशा किंवा परवान्याची प्रत हातात नसेल तर पुनर्विकासाचे गणित मांडूच नका.

निळी ते लाल या पट्ट्यात बांधता येते, लाल रेषेच्या पातळीवर ०.४५ मीटर ठेवून.

निळी रेषा नदीच्या पात्रातच किंवा काठावरच पडत असेल तरी काठापासून १५ मीटर पट्टा सोडावाच लागतो. विकास आराखड्यात छापलेली रेषा जलसंपदा विभागाने नंतर बदलली असेल तर बदललेली धरायची. जुन्या आराखड्याच्या झेरॉक्सवर विसंबून व्यवहार करू नये.

कृष्णाकाठ

फूट आणि मीटर यांचा घोळही इथेच मिटवू. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलावर ४० आणि ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर पाणी होते, आयर्विनवर ५७ फुटांच्या वर. हे फूट त्या त्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे आहेत. ते समुद्रसपाटीपासूनचे नाहीत आणि तुमच्या प्लॉटवरची खोलीही दाखवत नाहीत. शिवाय पुराच्या पाण्याला उतार असतो. पुलाच्या वरच्या अंगाला पाणी फुगते, खाली थोडे उतरते. म्हणून "५५ फुटाला आमच्या दारात गुडघाभर होते" हे आपत्तीच्या दिवशी घर कधी सोडायचे ते ठरवायला उपयोगी, नकाशा काढायला निरुपयोगी.

नकाशासाठी हवी ती आर.एल., म्हणजे समुद्रसपाटीपासूनची मीटरमधली पातळी, आणि तीही आपल्या प्लॉटसमोरच्या साखळी क्रमांकाची (नदीच्या लांबीवर मोजलेल्या अंतराचा क्रमांक). एक किलोमीटर वरच्या साखळीचा आकडा उचलला तर तोही चुकतो.

पहिलीवीट

पूररेषेचा दाखला मिळवायचा कसा? आणि आर.एल. प्लॉटवर आणतो कोण?

पाणपातळी

अर्ज संबंधित पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे. सोबत सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशाची क-प्रत, विकास आराखड्याचा भाग नकाशा व झोन दाखला, आणि प्लॉटच्या चारही कोपऱ्यांच्या पातळ्या दाखवणारा कंटूर (समान पातळीच्या रेषांचा) नकाशा. दाखल्यात निळ्या व लाल रेषेची आर.एल., साखळी क्रमांक आणि कोणत्या बेंचमार्कवरून (पातळी माहीत असलेल्या कायम खुणेवरून) पातळी घेतली ते लिहून मागा. "सदर गट पूररेषेबाहेर आहे" एवढ्या एका ओळीचा कागद पुढे कुठेच पुरत नाही, कारण एकाच गटाचा वरचा भाग बाहेर आणि ओढ्याकडचा भाग आत असतो.

सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात पूररेषा दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. जमीन महसूल संहितेच्या ४२-ब, ४२-क, ४२-ड खाली वेगळी बिनशेती परवानगी लागत नाही म्हणून अनेकांना सगळे सुटल्यासारखे वाटते. त्या कलमांचा संबंध जमिनीच्या वापराशी आहे, पुराच्या पातळीशी नाही.

डंपीवाला

पातळी आणण्याचे काम सर्व्हेअरचे, पण तपासायचे कसे ते मालकानेही जाणून घ्यावे.

बेंचमार्क बहुधा पुलाच्या कठड्यावर, बंधाऱ्यावर किंवा जुन्या सरकारी इमारतीच्या जोत्यावर कोरलेला असतो. तिथून ऑटो लेव्हलने (पातळी मोजायच्या यंत्राने) टप्प्याटप्प्याने प्लॉटपर्यंत यायचे आणि त्याच दिवशी परत बेंचमार्कवर जाऊन काम बंद करायचे. दर टप्प्याला मागचा आणि पुढचा स्टाफ (उभी मोजपट्टी) साधारण सारख्या अंतरावर ठेवला की यंत्राची दृष्टिरेषा थोडी कललेली असली तरी ती चूक आपोआप कटते. जाऊन-येऊन ३ किलोमीटरच्या कामात फरक सुमारे २१ मिलिमीटरच्या आत हवा (१२ गुणिले किलोमीटरचे वर्गमूळ). फरक ८-१० सेंटिमीटर आला तर काम पुन्हा करायचे, "वाटून टाकू" हे मान्य करायचे नाही.

आता सगळ्यात महागडी चूक. डीजीपीएसने घेतलेली उंची तशीच्या तशी आर.एल. म्हणून लिहिली जाते. उपग्रहावरून मिळणारी उंची गणिती लंबवर्तुळाकार पृष्ठभागापासूनची असते. आपल्याकडे ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा ६० मीटरहून जास्त कमी भरते. एवढा फरक कुणाच्याही डोळ्यांना दिसतो आणि मग अंदाजाने दुरुस्ती घालून आकडा जुळवला जातो. त्या अंदाजात अर्धा-पाऊण मीटर सहज इकडेतिकडे होतो, म्हणजे ०.४५ मीटरची सगळी राखीव उंची तिथेच संपते. डीजीपीएस वापरायला हरकत नाही, पण उंची ज्ञात बेंचमार्कला बांधलेली हवी.

पहिलीवीट

०.४५ मीटर नेमके कुठून मोजायचे? एका ठेकेदाराचे म्हणणे, रस्त्यापासून दीड फूट जोते घेतले की नियम पाळला.

नकाशाघर

नाही. रस्त्यापासून नाही आणि जमिनीपासूनही नाही. समजावण्यापुरते आकडे घेऊ. प्लॉटची सरासरी जमीन ५४१.२० मीटर, निळी रेषा ५४१.०० आणि लाल रेषा ५४३.१०. तर राहत्या मजल्याची पातळी किमान ५४३.५५, म्हणजे जमिनीपासून २.३५ मीटर वर. त्या ठेकेदाराच्या हिशेबाने घर ५४१.६५ ला येईल आणि लाल रेषेच्या पुरात त्या घरात जवळपास दीड मीटर पाणी उभे राहील.

याच प्लॉटचा एक कोपरा ५४०.६० असेल तर तेवढा तुकडा निळ्या रेषेच्या आत गेला. तिथे कॉलम टाकता येणार नाही. नकाशावर त्या तुकड्याची हद्द कंटूरप्रमाणे आखून क्षेत्रफळ वेगळे दाखवावे लागते. प्लॉट विकासयोग्य झोनमध्ये असेल तर त्या तुकड्याचा एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात मिळणारे बांधकाम क्षेत्र) उरलेल्या भागावर वापरण्याची तरतूद याच विनियमात आहे, त्यामुळे मोकळे सोडणे म्हणजे सगळेच बुडाले असे नाही.

विनियम ९.१ सुद्धा सोबत वाचा. पूर येणाऱ्या भागात जोते उच्चतम पूरपातळीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर वर हवे. प्रत्यक्षात आलेल्या पुराची खूण दाखल्यातल्या लाल रेषेच्या वर निघत असेल, तर दोहोंपैकी जी जास्त ती धरा. भिंतीवरची खूण डंपीने (लेव्हल यंत्राने) जोडून घ्यायला जास्तीचा अर्धा दिवस लागतो.

मुरूमखाण

स्टिल्टपेक्षा (कॉलमवर उचललेल्या, खाली उघड्या घरापेक्षा) भराव स्वस्त पडतो ना? सहा फूट मुरूम टाकला की प्लॉट लाल रेषेच्या जवळ येतो, वर साधे जोते बांधायचे.

कृष्णाकाठ

हिशेब करून बघू. १० गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. सहा फूट भराव म्हणजे ६५,३४० घनफूट, सुमारे ६५३ ब्रास, तेही दाबून बसलेला. सैल मुरूम वीस-पंचवीस टक्के जास्त आणावा लागतो. त्यावर गौण खनिजाचे स्वामित्वधन, वाहतूक आणि तीन बाजूंना धरभिंत. हा खर्च मांडल्यावर "स्वस्त" हा शब्द मागे घ्यावा लागतो.

पैशापेक्षा मोठी गोष्ट अशी की त्या ६५३ ब्रास जागेत पुराचे पाणी थांबत होते. घनमीटरमध्ये साडेअठराशे, म्हणजे साडेअठरा लाख लिटर. ते पाणी शेजारच्याच्या घरात जाते. एका प्लॉटने फरक पडत नाही असे वाटते, पण ओढ्याच्या तोंडाशी असे वीस प्लॉट भरले की ओढ्याला पसरायला जागा उरत नाही आणि नदीचे पाणी चढण्याआधीच मागची वस्ती तुंबते. नियंत्रित क्षेत्रात कॉलमवर उचललेले घरच योग्य. खालून पाणी येऊ द्यावे आणि जाऊ द्यावे. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यानेही भरावाचा नकाशा याच नजरेने पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आरसीसी

भरावाची तांत्रिक बाजूही वाईट आहे. टिपर रिकामे करून वर जेसीबी फिरवला म्हणजे दाबकाम झाले असे नाही. २०-२५ सेंटिमीटरचे थर, योग्य ओलावा आणि प्रत्येक थरावर रोलर, हे कोणी करत नाही. पहिल्या पुरात भराव भिजतो आणि खचतो. पाणी झपाट्याने उतरते तेव्हा भरावातले पाणी आत अडकलेले असते आणि बाहेरचा आधार गेलेला असतो. धरभिंती त्या वेळी पडतात, पाणी चढताना नाही. म्हणून भिंतीत दर दीड-दोन मीटरवर पाणी निघायची छिद्रे आणि मागे खडी-जाळीचा थर हवाच.

स्टिल्टचे मोजमाप वरच्याच उदाहरणात: पार्किंगची फरशी ५४१.३५, बीमखाली मोकळी उंची २.४० मीटर, बीम ०.४५, वर फरशी ०.०५, मजला आला ५४४.२५ ला. गरज होती ५४३.५५ ची, ७० सेंटिमीटर शिल्लक.

पण उघडा तळमजला भूकंपात कमकुवत असतो. कोल्हापूर-सांगली आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत भूकंप विभाग ३ मध्ये आहे. वर विटांच्या भिंती आणि खाली नुसते कॉलम ही रचना त्या संहितेला मान्य नाही. स्टिल्टमध्ये आरसीसी शिअर भिंती (भूकंपाचा आडवा जोर पेलणाऱ्या) घ्या आणि त्यातल्या लांब भिंती प्रवाहाच्या दिशेला समांतर ठेवा. आडव्या टाकल्या तर वाहून येणारा ऊस, ओंडके आणि जलपर्णी त्यांना अडकते, अडथळा वाढतो आणि कॉलमच्या पायाशी माती धुपते. दोन्ही दिशांना भिंत लागतेच, तेव्हा आडवी जिना-लिफ्टच्या गाभ्यात लपवा. मजबुतीकरणाचे निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरने सही करून द्यायचे, सेंट्रिंगवाल्याने नाही.

अजून एक: २.३५ मीटर चढायला १:१२ उताराचा रॅम्प घेतला तर लांबी २८ मीटरच्या वर जाते, वर विसाव्याच्या जागा वेगळ्या. छोट्या प्लॉटवर ते बसत नाही. घरात वृद्ध किंवा चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती असेल तर लिफ्टचा विचार पहिल्याच नकाशात करा. पूर आल्यावर लिफ्ट वरच्या मजल्यावर जाऊन थांबेल अशी सोय करून घ्या, कंट्रोल पॅनेल वर ठेवा.

झडप

जोते बरोबर असूनही घर का बिघडते त्याबद्दल लिहितो.

जमिनीतली पाण्याची टाकी. बाहेरून २.५ बाय २.५ मीटर, उंची २ मीटर, भिंती-तळ-झाकण १५ सेंटिमीटर. आत सुमारे ८,२०० लिटर मावते. पुरात ही टाकी १२.५ टन पाणी बाजूला सारते, म्हणजे तेवढाच जोर तिला वर ढकलतो. काँक्रीटचे वजन भरते सुमारे १०.७ टन. टाकी रिकामी असेल आणि भोवतीची माती भिजून सैल झाली असेल तर ती वर उचलली जाते आणि पाइप तुटतात. उपाय: तळाचा स्लॅब चारही बाजूंना ३० सेंटिमीटर बाहेर काढा, त्यावरच्या मातीचे वजन टाकीला धरून ठेवते. इशारा पातळीची बातमी आली की टाकी काठोकाठ भरा. सेप्टिक टाकीलाही हाच नियम. पूर ओसरल्यावर घाईने ती उपसू नका, भोवतालची माती ओली असेपर्यंत धोका तोच असतो.

ड्रेनेज. नदी दाराशी यायच्या आधी मैलापाणी खालच्या मजल्यावरच्या संडासातून उलटे येते. शेवटच्या चेंबरमध्ये एकमार्गी झडप बसवा, झाकण वरून उघडता येईल अशी, कारण चिंधी किंवा वाळू अडकली की झडप अर्धवट उघडी राहते. दर मे महिन्यात एकदा साफ करा. झडप बंद असताना आपलेही सांडपाणी बाहेर जात नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवे.

वीज. मीटर, मुख्य स्विच आणि इन्व्हर्टर लाल रेषा अधिक ०.४५ च्या वर. स्टिल्टमधल्या दिव्यांचे सर्किट वेगळे, त्याला वेगळा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), वायरिंग छताकडून खाली आणलेले. पंप पाणबुडी प्रकारचा असला तरी त्याचा स्टार्टर पाणबुडी नसतो.

आरसीसी

कंपाउंडचीही भर घालतो. २ मीटर उंच, ९ इंची विटांची सलग भिंत, मध्ये पिलर नाहीत. एका बाजूला पाणी दुसरीपेक्षा साधारण ८५ सेंटिमीटर जास्त झाले की ती स्वतःच्या वजनावर टिकत नाही. पाण्याची खोली दुप्पट झाली की उलथवणारा जोर आठपट होतो, म्हणून भिंत "जरा जाड" करून भागत नाही. खाली दीड-दोन फूट बांधकाम, वर जाळी, आणि जमिनीलगत पाणी आतबाहेर व्हायला मोऱ्या. नियंत्रित क्षेत्रात पाणी अडवणारी भिंत शेजाऱ्याच्याही मुळावर येते.

वाशिष्ठी

चिपळूणला मोठा भाग रेषांच्या आत येतो. २२ जुलै २०२१ चा पूर बघितल्यावर रेषा नको असे म्हणता येत नाही, पण जुनी बाजारपेठ जाईल कुठे? आणि भरतीचे पाणी असलेल्या भागात वेगळे काही लागते का?

नकाशाघर

भरतीचा परिणाम असलेल्या खाडीभागात सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्राचे नियम) वेगळे लागते. २०१९ च्या अधिसूचनेत खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते. ती मोजायची उच्चतम भरती रेषेपासून. पूररेषेशी तिचा संबंध नाही, दोन्ही अटी स्वतंत्रपणे पाळायच्या.

बाजारपेठेबद्दल: अधिकृत मिळकतींना पुनर्विकासाची वाट नियमात आहे, हे वर आलेच. तळमजल्यावरचे दुकान दोन-अडीच मीटर वर गेले तर गिऱ्हाईक चढणार नाही, ही व्यापाऱ्यांची अडचण खरी आहे. त्याला एकेकट्या दुकानाने उत्तर नाही. सलग दहा-बारा मिळकतींनी मिळून एकच उंच ओटा आणि वरून जोडलेला व्हरांडा घेतला तर जिना, रॅम्प आणि लिफ्ट वाटून घेता येतात. गोदाम मात्र वरच्या मजल्यावरच.

पहिलीवीट

गुंठेवारीचा (मंजुरीशिवाय गुंठ्यांनी तुकडे पाडून विकलेला) प्लॉट असेल तर? सांगलीच्या शामरावनगरसारख्या सखल भागात बहुतेक व्यवहार तसेच आहेत.

पाणपातळी

गुंठेवारी अधिनियम २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. नियमितीकरणाच्या कागदाने जमिनीची पातळी बदलत नाही. खरेदीखताआधी पूररेषेचा दाखला मागा, इसारपावतीत "दाखल्यात निषिद्ध क्षेत्र आल्यास इसार परत" ही अट लिहून घ्या.

सखल भागात दुसरी गल्लत नाल्याची होते. काठ स्पष्ट नसलेला छोटा प्रवाह प्लॉटमधून जात असेल तर प्राधिकरणाने ठरवलेल्या छेदाप्रमाणे तो बांधून घेता येतो, पण प्रवेशाची आणि बाहेर पडण्याची जागा बदलता येत नाही. पाइप टाकून वरून माती लोटणे हे त्यात बसत नाही.

झडप

विम्याबद्दल दोन ओळी. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी "भारत गृह रक्षा" ही प्रमाण पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. त्यात पूर मूळ संरक्षणातच आहे. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, आपोआप मिळते. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि पूररेषेचा दाखला यांच्या प्रती घराबाहेर, दुसऱ्या गावी किंवा डिजिलॉकरमध्ये ठेवा.

डंपीवाला

जोते तपासणीच्या वेळची एक गोष्ट राहिली. काम सुरू होताना आणलेली पातळी प्लॉटवर दोन ठिकाणी कायम करा: एक समोरच्या न हलणाऱ्या बांधकामावर, दुसरी प्लॉटच्या कोपऱ्यात काँक्रीटमध्ये गाडलेल्या सळईवर. वीजखांबावर रंगाची खूण नको, खांब बदलतात. पहिल्या स्लॅबचे सेंट्रिंग झाल्यावर, काँक्रीट ओतायच्या आधी, दोन्ही खुणांवरून बीमच्या तळाची आर.एल. घ्या आणि स्टाफचे वाचन दिसेल असा फोटो काढा. कमी भरली तर तेव्हा प्रॉप वाढवून भागते, स्लॅब पडल्यावर काहीच करता येत नाही.

पहिलीवीट

दोन्ही खुणांमध्ये फरक आला तर कोणती खरी मानायची?

डंपीवाला

कोणतीच नाही. परत मूळ बेंचमार्कवर जायचे.